रोटर फ्लटरचं डॅम्पिंग पटत नाहीये? सॉल्व्हर नंतर, आधी हवा तपासा

हेलिकॉप्टर रोटरच्या फ्लटरचं (हवेमुळे ब्लेडची थरथर आपोआप वाढत जाण्याचं) ॲनालिसिस टेस्टशी जुळत नाही, हा प्रॉब्लेम परत परत येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ब्लेडचं स्ट्रक्चरल मॉडेल नीट आहे, न फिरणाऱ्या ब्लेडच्या फ्रिक्वेन्सी टेस्टशी जुळतायत, फॅन प्लॉट (आरपीएमनुसार फ्रिक्वेन्सी कशा बदलतात त्याचा ग्राफ) बघून गाइडही खूश, आणि मग एरोडायनॅमिक्स चालू केलं की सगळं बिनसतं. कुणाचं टॉर्शन मोडचं (ब्लेड पिळण्याच्या हालचालीचं) डॅम्पिंग सगळ्या आरपीएमला शून्याच्या आसपास घुटमळतं, सीजी (वजनाचा मध्य) पुढे घ्या नाहीतर मागे, काही फरकच नाही. कुणाला आरपीएम वाढवत नेलं की डॅम्पिंगचा ग्राफ लाटांसारखा वरखाली दिसतो. आणि कुणाचं असं की व्हर्ल टॉवरवर (रोटर जमिनीवर फिरवून बघायचा टेस्ट स्टँड) लो कलेक्टिव्हला (सगळ्या ब्लेडचा पिच एकत्र कमी असताना) ब्लेड हलायला लागतं, डॅम्पिंग कमी मोजलं जातं, पण ॲनालिसिस छाती ठोकून सांगतं की भरपूर मार्जिन आहे.

यावर लोक काय करतात तर आयगेन सॉल्व्हर बदलतात, एलिमेंट वाढवतात, सहा मोडचे दहा करतात. त्यात बहुतेक वेळा काही सापडत नाही कारण गडबड असते एरोडायनॅमिक मॉडेलमध्ये, आणि त्यातही बऱ्याचदा वेकमध्ये, म्हणजे ब्लेडने मागे सोडलेल्या भोवऱ्यांच्या हवेत. विमानाच्या पंखाचं मॉडेल उचलून रोटरला लावलं की हे होणारच. पंखाने सोडलेला वेक मागे राहतो आणि पंख पुढे निघून जातो, रोटरचं तसं नाही, घाण्याच्या बैलासारखं ब्लेड फिरून फिरून तिथेच येतं आणि आपण नाहीतर पुढच्या ब्लेडने सोडलेला वेक खाली जेमतेम काही कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे ब्लेडची रुंदी) तरंगत असतो.

पण वेककडे जायच्या आधी हवा पूर्ण बंद करून बघा, म्हणजे घनता शून्य. कंट्रोल सिस्टिमची स्टिफनेसही शून्य करा आणि ब्लेड फेदरिंगला (लांबीच्या अक्षाभोवती फिरायला) मोकळं सोडा. पातळ ब्लेडची पिच फ्रिक्वेन्सी जवळजवळ बरोब्बर १ पर रेव्ह (रोटरच्या एका फेरीत एक आवर्तन) आली पाहिजे, सेंट्रिफ्युगल फोर्सचा प्रोपेलर मोमेंट तेवढी स्टिफनेस देतोच. शून्य आली तर तो मोमेंट मॉडेलमध्ये नाहीच, आणि मग पुढचं काहीही जुळलं तरी तो योगायोग. मग हवा चालू करा, सेंटरला हिंज असलेलं सरळ रिजिड ब्लेड घ्या, क्वासी-स्टेडी एरोडायनॅमिक्स (वेकमुळे होणारा उशीर न धरता), लॉक नंबर (हवेचा जोर ब्लेडच्या इनर्शियाच्या तुलनेत) ८, होव्हर (एका जागी तरंगणं). फ्लॅपचं (ब्लेडच्या वरखाली हालचालीचं) डॅम्पिंग लॉक नंबर भागिले १६ म्हणजे ५० टक्के यायला हवं, फ्रिक्वेन्सी ०.८७ पर रेव्हच्या जवळ. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी लोक करत नाहीत, का ते माहीत नाही.

आता पहिलं लक्षण, टॉर्शनचं डॅम्पिंग शून्याजवळ. इथे जवळपास नेहमी एकच चोर असतो. थिओडोरसनच्या १९३५ च्या नाका (नासाच्या आधीची अमेरिकन संस्था) रिपोर्टमध्ये लिफ्ट आणि मोमेंटचे दोन भाग आहेत, सर्क्युलेटरी (वेकवर अवलंबून असलेला) आणि नॉन-सर्क्युलेटरी (वेकशी संबंध नसलेला). बरेच जण नॉन-सर्क्युलेटरी म्हणजे फक्त ॲपरंट मास, हवेचं वजन ते किती असणार, सोडून द्या म्हणून तो अख्खा भागच काढून टाकतात. पण पिच ॲक्सिस क्वार्टर कॉर्डवर (लीडिंग एजपासून पाव कॉर्ड मागे) असेल तर सर्क्युलेटरी मोमेंट तिथे शून्य असतो, आणि पिच डॅम्पिंग सगळंच्या सगळं त्या नॉन-सर्क्युलेटरी भागातून येतं: दर मीटर स्पॅनला पाय गुणिले हवेची घनता गुणिले वेग गुणिले अर्ध्या कॉर्डचा घन. ही टर्म ॲपरंट मासची नाहीये, ती वेग गुणिले पिच रेटची आहे. ती उडवली की टॉर्शनला हवेचं डॅम्पिंग उरत नाही, उरतं फक्त स्ट्रक्चरल, आणि ते अर्धा-एक टक्का धरलं असलं तर ग्राफ शून्याला चिकटणारच. ॲपरंट मास काढायचा तर काढा, ही ठेवा.

आणि रोटरमध्ये या पिच रेटला एक शेपूट असतं. ब्लेड बीटा कोनात वर उचललेलं असेल तर शाफ्टच्या फिरण्याचा एक हिस्सा ब्लेडच्या लांबीच्या दिशेने येतो, म्हणून सेक्शनला दिसणारा पिच रेट हा थीटा-डॉट (ब्लेडचा स्वतःचा पिच रेट) अधिक ओमेगा (रोटर फिरण्याचा वेग) गुणिले बीटा असतो. पंखाच्या कोडमधून कॉपी केलेल्या रूटीनमध्ये ही दुसरी टर्म असणं शक्यच नाही कारण पंख फिरत नाही. टर्म छोटी वाटते पण पिच-फ्लॅप कपलिंगमध्ये ती थेट जाऊन बसते.

इथून एक मस्त टेस्ट मिळते. फ्लॅप लॉक करा, फक्त टॉर्शन मोकळं, पिच ॲक्सिस क्वार्टर कॉर्डवर. आता लिफ्ट डेफिशियन्सी फंक्शनची (वेकमुळे किती लिफ्ट उरते ते सांगणाऱ्या थिओडोरसनच्या फंक्शनची) किंमत मुद्दाम १ ठेवून एकदा आणि ०.५ ठेवून एकदा चालवा. टॉर्शनचं डॅम्पिंग अजिबात बदलायला नको. बदललं तर कुठेतरी मोमेंटचा रेफरन्स पॉइंट सरकलाय, बहुधा मिड-कॉर्ड आणि क्वार्टर कॉर्डची गल्लत. थिओडोरसनने अंतरं मिड-कॉर्डपासून अर्ध्या कॉर्डमध्ये मोजलीत, म्हणून क्वार्टर कॉर्ड म्हणजे उणे ०.५, आणि आपली सेक्शन प्रॉपर्टीची फाइल लीडिंग एजपासून कॉर्डच्या टक्क्यात असते, मध्ये कुणीतरी रूपांतर केलेलं असतं आणि ते कुणी परत बघितलेलं नसतं. फंक्शनसुद्धा तपासून घ्या, रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी (फ्रिक्वेन्सी गुणिले अर्धी कॉर्ड भागिले वेग) ०.१ ला रिअल भाग ०.८३ आणि ०.२ ला ०.७३, इमॅजिनरी दोन्हीकडे निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आला तर हँकेल फंक्शन पहिल्या प्रकारचं घेतलंत, दुसऱ्या प्रकारचं पाहिजे होतं.

सीजी मागेपुढे करून फरक पडत नसेल तर इनर्शिया कपलिंगकडे बघा. सीजी क्वार्टर कॉर्डच्या मागे असेल आणि ब्लेड वरच्या दिशेला ॲक्सलरेट झालं तर मागची बाजू मागेच रेंगाळते, नाक वर होतं, लिफ्ट वाढते, हा फ्लटरचा नेहमीचा प्रकार. पण फिरणाऱ्या ब्लेडमध्ये शिवाय सेंट्रिफ्युगल फोर्स त्याच सीजीला धरून फ्लॅप झालेल्या ब्लेडची मागची बाजू खाली ओढतो, तोही नाक वरच करतो. म्हणून कपलिंग टर्ममध्ये बीटाचं ॲक्सलरेशन आणि बीटा दोन्ही एकत्र येतात, आणि १ पर रेव्हला ती दोन एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. दुसरी टर्म विसरली की फ्लटर दिसतो पण पिच-फ्लॅप डायव्हर्जन्स (थरथर न होता ब्लेड एकाच दिशेला वळत जाणं) कधीच दिसत नाही, सीजी कितीही मागे न्या आणि पिच लिंक (ब्लेडचा पिच धरून ठेवणारा दांडा) कितीही मऊ करा. तुमच्या बाउंडरीच्या प्लॉटवर डायव्हर्जन्सची रेषाच नसेल तर हेच कारण.

एरोफॉइल टेबल वापरणाऱ्यांसाठी अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. सी-८१ टेबलात (एरोफॉइलच्या आकड्यांचा एक नेहमीचा फॉरमॅट) मोमेंट कोइफिशंट तीन-चार दशांश स्थळांपर्यंत असतो, अँगल दोन-दोन डिग्रीच्या पायरीने. फ्लटरला लागतो तो मोमेंटचा लिफ्टच्या तुलनेतला उतार, कारण तोच एरोडायनॅमिक सेंटर क्वार्टर कॉर्डपासून किती सरकलंय ते सांगतो. दोन डिग्रीत लिफ्ट कोइफिशंट साधारण ०.२२ ने बदलतो, मोमेंटमध्ये ०.००१ ची चूक असली तर सेंटर कॉर्डच्या जवळजवळ अर्ध्या टक्क्याने सरकलं. आणि तिकडे नोज वेट घालून सीजी आपण एकेक टक्क्यासाठी भांडून पुढे आणतो! टेबल लिनिअर इंटरपोलेशनने वाचत असाल तर ट्रिम अँगल (स्थिर उड्डाणातला अँगल) जरा बदलला की उतार एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो आणि फ्लटर बाउंडरीत दाते दिसतात. स्टेबिलिटीसाठी टेबलमधून स्मूद कर्व फिट करून घ्या, किमान उणे चार ते अधिक आठ डिग्रीच्या पट्ट्यात. टिपचा माक नंबर होव्हरलाच ०.६४ वगैरे असतो, तिथे प्रांड्ल-ग्लावर्टच्या सूत्रानुसार (हवा दाबली जाण्याची सुधारणा) लिफ्टचा उतार ३० टक्क्यांनी वाढतो, तो टेबलात आधीच आहे का हे बघा नाहीतर वरून परत लावाल.

आता वेक, मूळ मुद्दा.

रॉबर्ट लोवीने १९५७ मध्ये थिओडोरसनचीच मांडणी घेऊन खाली वेकचे थर ठेवले, एकाखाली एक, अनंत. उत्तराचा साचा तोच राहिला, फक्त थिओडोरसनच्या फंक्शनच्या जागी दुसरं फंक्शन आलं. त्यात तीन आकडे लागतात: रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी, मोडची फ्रिक्वेन्सी पर रेव्हमध्ये, आणि दोन थरांमधलं अंतर अर्ध्या कॉर्डच्या मापात. तिसरा आकडा सरळ ४ गुणिले इन्फ्लो रेशो (रोटरमधून खाली जाणाऱ्या हवेचा वेग भागिले टिपचा वेग) भागिले सॉलिडिटी (डिस्कचा ब्लेडने भरलेला हिस्सा). ॲनालिसिस सुरू करायच्या आधी हे तीन आकडे कागदावर काढा, कुठलं मॉडेल लागणार ते तिथेच कळतं.

उदाहरण म्हणून बीओ-१०५ हे जर्मन हेलिकॉप्टर घेऊ कारण त्याचे आकडे सगळ्यांकडे असतात, आणि आपल्या ध्रुवचा रोटरही हिंजलेसच, त्याच्या डिझाइनला सुरुवातीला बीओ-१०५ बनवणाऱ्या एमबीबीचीच मदत होती. चार ब्लेड, रेडियस ४.९ मीटर, कॉर्ड ०.२७, आरपीएम ४२४, सॉलिडिटी ०.०७. २३०० किलोला होव्हरमध्ये थ्रस्ट कोइफिशंट ०.००५ आणि इन्फ्लो रेशो ०.०५. म्हणजे थरांचं अंतर २.९ अर्धे कॉर्ड, म्हणजे दीड कॉर्डसुद्धा नाही. आता फ्लॅपसारखी १ पर रेव्हच्या जवळची हालचाल बघा. तीन चतुर्थांश रेडियसला रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी ०.०४ च्या आतच, थिओडोरसन म्हणतो लिफ्ट ९३ टक्के मिळेल, काही काळजी नको. लोवीचं फंक्शन कमी फ्रिक्वेन्सीला आणि वेकचे थर एका फेजमध्ये असताना एवढंच उरतं: १ भागिले (१ अधिक पाय गुणिले सॉलिडिटी भागिले ४ गुणिले इन्फ्लो). आकडे टाका, ०.४८ येतं. निम्मी लिफ्ट गेली! आता कलेक्टिव्ह कमी करा, थ्रस्ट साधारण एक षष्ठांश, इन्फ्लो ०.०२, उत्तर ०.२७. व्हर्ल टॉवरवर लो कलेक्टिव्हला डॅम्पिंग कुठे जातं ते यातच आलं, कोड बरोबर असूनही ॲनालिसिसला ते दिसत नाही कारण त्याच्या दुनियेत खाली वेकच नाहीये.

एक काळजी, इन्फ्लो शून्य टाकू नका. थ्रस्ट शून्य म्हणून मोमेंटम थिअरीने इन्फ्लो शून्य काढला तर सगळे थर एकावर एक येऊन बसतात आणि फंक्शन वेडंवाकडं होतं. खऱ्या रोटरवर ट्विस्टमुळे एकूण थ्रस्ट शून्य असतानाही टिपकडे आणि रूटकडे लोड असतोच, त्यामुळे लोकल इन्फ्लो ब्लेड एलिमेंटने काढा आणि खाली एक किमान मर्यादा ठेवा.

टॉर्शनसाठी वेक कितपत लागतो? दर थर खाली गेला की त्याचा असर घातांकाने कमी होतो, आणि घातांकात रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी गुणिले थरांचं अंतर असतं. यात कॉर्ड चक्क कटून जाते, चार ब्लेडला तीन चतुर्थांश रेडियसवर २.१ गुणिले पर रेव्ह फ्रिक्वेन्सी गुणिले इन्फ्लो एवढंच राहतं. ४ पर रेव्हचं टॉर्शन आणि इन्फ्लो ०.०५ धरलं तर ०.४२, म्हणजे पहिल्या थराचा ६६ टक्के असर अजून शिल्लक. हा गुणाकार तीनच्या वर असेल तर वेक विसरा, थिओडोरसन चालेल. एकच्या खाली असेल तर विसरून चालणार नाही.

आरपीएमबरोबर डॅम्पिंगच्या लाटा हे दुसरं लक्षण इथेच सुटतं, आणि गंमत म्हणजे तो बग नसतो. आरपीएम बदललं की मोडची पर रेव्ह फ्रिक्वेन्सी बदलते, ती पूर्णांकावरून गेली की वेकचे थर ब्लेडच्या हालचालीशी एका फेजमध्ये येतात आणि डॅम्पिंगला खड्डा पडतो. पण कुठल्या पूर्णांकाला, ते ब्लेड एकमेकांशी कसे हलतायत त्यावर आहे. चार ब्लेडमध्ये सगळे एकत्र हलत असतील, म्हणजे कलेक्टिव्ह मोड, तर खड्डा ४ आणि ८ ला. सायक्लिक मोडना (ब्लेड एकामागोमाग एक हलतात असे) १, ३, ५ वगैरे. आणि एकआड एक उलटे हलणाऱ्या मोडला, ज्याचा हबवर काही लोडच जात नाही, त्याला २ आणि ६. बरेच जण एकच ब्लेड घेतात आणि लोवीचं एका ब्लेडचं सूत्र लावतात पण सॉलिडिटी मात्र चार ब्लेडची, मग प्रत्येक पूर्णांकाला खड्डा दिसतो आणि घाबरून जातात.

हेच पुढे नेलं तर कंट्रोल सिस्टिमशी गाठ पडते. हेलिकॉप्टर ब्लेडची टॉर्शन स्टिफनेस नुसत्या ब्लेडची नसते, पिच लिंक, स्वॉशप्लेट (पायलटचे कंट्रोल फिरत्या ब्लेडना पोचवणारी थाळी), ॲक्चुएटर सगळी साखळी त्यात असते. कलेक्टिव्ह मोडमध्ये सगळा लोड ॲक्चुएटरपर्यंत खाली जातो, सायक्लिकमध्ये स्वॉशप्लेट तिरकी होऊ बघते, आणि त्या एकआड एक मोडमध्ये लोड स्वॉशप्लेटमध्येच एकमेकांना मिटवतात, मागचं ॲक्चुएटर वगैरे काही हलत नाही. तीन मोडला तीन वेगवेगळ्या स्टिफनेस, म्हणून तीन वेगळ्या टॉर्शन फ्रिक्वेन्सी, आणि वर वेकचं फेजिंगही तीन वेगळं. एकच सरासरी स्प्रिंग धरून फ्लटर काढलात तर सगळ्यात वाईट मोड कदाचित तुमच्या यादीतच नसेल. पिच लिंकच्या बेअरिंगला खेळ आलेला असेल तर छोट्या हालचालीला स्टिफनेस आणखी कमी पडते, मग टेस्टमध्ये ठरावीक अँप्लिट्यूडला अडकलेली थरथर दिसते आणि लिनिअर मॉडेल त्याबद्दल गप्प बसतं.

आता डबल मोजणी, हा नवीन पिढीचा आजार आहे असं माझं मत झालंय कारण हल्लीच्या कोडमध्ये सगळे ऑप्शन टिक करता येतात. लोवीचं फंक्शन चालू, वर पिट-पीटर्सचा डायनॅमिक इन्फ्लो (अख्ख्या रोटरच्या वेकचा परिणाम तीन स्टेट्समध्ये मांडणारं मॉडेल) पण चालू. दोघेही एकच गोष्ट सांगतायत! वर जे ०.४८ काढलं ना, ते डायनॅमिक इन्फ्लोमधून हबला मोमेंट देणाऱ्या मोडसाठी होव्हरमध्येही जवळपास तसंच निघतं, लिफ्ट स्लोप दोन पाय धरला तर सूत्र अगदी तेच. दोन्ही लावले की डॅम्पिंग दोनदा कापलं जातं आणि फ्लटर नसलेल्या रोटरवर फ्लटर येतो. तसंच लायशमन-बेडोजच्या अनस्टेडी मॉडेलमध्ये शेड वेक (लिफ्ट बदलताना मागे सुटणारे भोवरे) आधीच आहे, त्याच्याबरोबर फ्री वेकमध्ये (वेकला आपोआप वाकू-सरकू देणारं मॉडेल) निअर वेकचा शेड भाग चालू ठेवला तर तीच चूक. मी तरी असं करतो: फ्लॅप आणि लॅग (ब्लेडची डिस्कमधली मागेपुढे हालचाल), ग्राउंड रेझोनन्स, बॉडीबरोबरचं कपलिंग अशा साधारण १-२ पर रेव्हपर्यंतच्या गोष्टींना डायनॅमिक इन्फ्लो आणि क्वासी-स्टेडी सेक्शन. टॉर्शन फ्लटरला होव्हरमध्ये लोवी आणि डायनॅमिक इन्फ्लो बंद, कारण तीन स्टेट्सचा इन्फ्लो ४-५ पर रेव्हच्या वेकला पुरत नाही. मध्ये कुठेतरी असाल तर पीटर्स-ही चं जास्त स्टेट्सवालं मॉडेल.

फॉरवर्ड फ्लाइटमध्ये लोवी आणि थिओडोरसन दोघांनाही सुट्टी, निदान जसेच्या तसे तरी. फंक्शन एका फ्रिक्वेन्सीच्या हार्मोनिक हालचालीसाठी आणि ठरलेल्या वेगासाठी आहे, इथे तर प्रत्येक ॲझिमथला (फेरीतल्या कोनाला) वेग वेगळा, मागे जाणाऱ्या बाजूला रिव्हर्स फ्लोच्या वर्तुळाजवळ (जिथे हवा ब्लेडच्या मागून येते) वेग शून्य आणि रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सी अनंत. ग्रीनबर्गने १९४७ मध्ये बदलत्या वेगासाठी सुधारणा केली होती, ती होव्हरमध्ये लॅग मोशनच्या टर्मसाठी कामाला येते. पण फॉरवर्डला सरळ टाइम डोमेनमध्ये जा, आर. टी. जोन्सचं दोन एक्स्पोनेन्शियलचं वॅग्नर फंक्शन (अँगल एकदम बदलला की लिफ्ट हळूहळू कशी वाढते ते) घ्या (०.१६५ आणि ०.३३५, घातांक ०.०४५५ आणि ०.३), प्रत्येक सेक्शनला दोन स्टेट वाढतील, वाढू द्या. मग फ्लोके (फेरीगणिक बदलणाऱ्या सिस्टिमची स्टेबिलिटी काढायची पद्धत). फ्लोकेमध्ये फ्रिक्वेन्सी ओमेगाच्या पटीत वरखाली सरकलेली असू शकते, ३.६ चं टॉर्शन ०.४ किंवा ०.६ म्हणून छापून येतं आणि लोक म्हणतात हा नवीन मोड कुठून आला. डॅम्पिंग मात्र बरोबर असतं, मोड ओळखायचा तर आयगेनव्हेक्टरचे हार्मोनिक काढा आणि सगळ्यात मोठा बघा, आकड्यावरून ओळखू नका.

फ्री वेक लावून टाइम मार्चिंगने डॅम्पिंग काढणाऱ्यांनी एक बघा. वेकचं सोल्यूशन मुळातच थोडं थरथरतं, तुम्ही ब्लेडला टिचकी हलकी मारली तर मूव्हिंग ब्लॉक (सिग्नलमधून डॅम्पिंग काढायची पद्धत) ती वेकची थरथर मोजतो, तुमचा मोड नाही. टिचकी दुप्पट करून परत चालवा, डॅम्पिंग तेच आलं तर विश्वास ठेवा. फार जोरात मारली तर स्टॉलमध्ये (ब्लेडवरून हवा सुटते तिथे) जाल, तेव्हा ॲझिमथनुसार अँगल ऑफ अटॅक बघत राहा.

आणि हाय थ्रस्ट किंवा हाय स्पीडला मागे जाणाऱ्या ब्लेडवर टॉर्शनची दोन-तीन आवर्तनं दिसून पिच लिंकचा लोड एकदम चढत असेल, पण पुढे जाणाऱ्या बाजूला सगळं शांत होत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तो स्टॉल फ्लटर, डायनॅमिक स्टॉलमध्ये मोमेंटचा लूप उलटा फिरतो आणि हवा ब्लेडला एनर्जी देते. त्याला सीजी पुढे आणून फारसा उपयोग नाही, आयगेनव्हॅल्यूत तो दिसणारही नाही, तिथे ओनेरा किंवा लायशमन-बेडोजचं स्टॉल मॉडेल घेऊन पूर्ण नॉनलिनिअर रन करावा लागतो आणि डॅम्पिंगऐवजी पिच लिंकचा पीक-टू-पीक लोड बघायचा असतो.